जुनं रॉक गाणं ब्लूग्रासमध्ये बसवताना: बँजो सगळ्यात शेवटी

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं, विजेशिवायच्या तारवाद्यांवर वाजणारं लोकसंगीत. रॉक गाणं त्यात नेताना दर वेळी तेच होतं. पंचवीस-तीस वर्षं रॉक वाजवलेला माणूस आपलं एखादं जुनं गाणं काढतो, ॲकूस्टिक गिटार घेतो, कुठून तरी बँजोवाला पैदा करतो, लय वाढवतो आणि म्हणतो, "झालं ब्लूग्रास." कानावर येतं ते तेच रॉक गाणं, फक्त विजेशिवाय आणि धापा टाकत.

वाजवणारे वाईट नसतात. त्यांचा क्रम उलटा असतो: आधी बँजो, मग वेग, मग पट्टी, आणि गाण्याची चाल सगळ्यात शेवटी. मीही पुण्यातल्या कॉलेजच्या बँडमधली सवय घेऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या जॅममध्ये बसायला लागलो, तेव्हा पहिलं वर्षभर हेच करत होतो. खालचा क्रम त्यातून आला आहे. पायऱ्या गाळू नका, पुढे-मागे करू नका.

## तयारी: माणसं, वाद्यं, कागद

माणसं. गिटार, मँडोलिन, पाच तारांचा बँजो, फिडल आणि उभा डबल बास. डोब्रो (आडवी धरून, तारांवर धातूची सळई सरकवत वाजवायची गिटार) मिळाला तर सोन्याहून पिवळं. ड्रम नाही. कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) नाही. "नुसती खंजिरी ठेवू या का?" यालाही उत्तर "नाही" असंच आहे; त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. मँडोलिनच्या तारांची जुळणीही व्हायोलिनसारखीच, जी-डी-ए-ई. त्यामुळे गोव्यातला किंवा मुंबईतला चांगला व्हायोलिनवादक मँडोलिनवर डाव्या हाताने लगेच सूर शोधतो. उजव्या हाताचं काम मात्र त्याला नव्याने शिकावं लागतं.

सावध. आपल्याकडे मिरवणुकीत "बेंजो" म्हणून वाजतो तो बटणांचा बुलबुलतरंग. त्याचा इथे काही संबंध नाही. एका मित्राने "बँजोवाला मिळाला" म्हणून आनंदाने फोन केला होता, आणि तालमीला गृहस्थ ॲम्प्लिफायर आणि स्टँड घेऊन हजर! वाजवला त्यांनी फर्मास, पण आमच्या कामाचा नव्हता. दुसरा सापळा सहा तारांच्या बँजोचा. तो गिटारसारखाच जुळवलेला असतो, म्हणून गिटारवाल्यांना मोह होतो. पण ब्लूग्रासच्या बँजोचा जीव त्याच्या आखूड, उंच पाचव्या तारेत असतो, आणि ती तार या वाद्यात नाही.

तुमची गिटार. इलेक्ट्रिकवर .००९ किंवा .०१० च्या तारांची सवय असेल, तर ड्रेडनॉट (मोठ्या पेटीच्या ॲकूस्टिक) गिटारवर .०१३ ते .०५६ चा संच चढवा आणि एक मिलिमीटरपेक्षा जाड पिक घ्या. निदान दोन आठवडे आधी. तालमीच्या दिवशी बोटांना फोड आले की माणूस नकळत हलकं वाजवतो, आणि हलक्या गिटारवर ही इमारत उभी राहत नाही.

कागद. गाणं तुमचं असलं तरी जुना करार काढून वाचा. शब्द-चालीचे हक्क एकाकडे, मूळ ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे, आणि तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायला ठरावीक वर्षं बंदी, असं अनेक करारांत असतं. गाणं दुसऱ्याचं असेल तर भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी लागू होतं: पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची. त्यात रचनेत बदल करायला फारशी मोकळीक नाही. अमेरिकेच्या कायद्यात, कलम ११५ मध्ये, शैलीनुसार मांडणी बदलता येते, पण मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलता येत नाही. मेजरचं मायनर करणार असाल तर लेखी परवानगी घ्या, आणि ती स्टुडिओचे पैसे भरण्याआधी.

## पायरी १: गाणं सोलून काढा

मूळ रेकॉर्ड ऐका. हो, तुमचीच. वीस वर्षं मंचावर गाताना तुम्ही चाल बदललेली असते आणि ते तुमच्या लक्षातही नसतं. वरचा सूर टाळलेला असतो, ओळ उशिरा उचललेली असते, प्रेक्षकांना गायला लावायच्या जागी तुम्ही गप्प असता. जुनी चाल आणि आजची चाल शेजारी-शेजारी लिहून काढा आणि ओळीगणिक ठरवा, कुठली ठेवायची. मी बहुतेक वेळा जुनी निवडतो. मंचावर चाल झिजते, आणि ब्लूग्रासमध्ये प्रत्येक वाद्य तीच चाल वाजवणार असतं. झिजलेली चाल पाच जणांच्या हातून पाच वेळा ऐकवत नाही.

आता रिफ (गिटारवर फिरून-फिरून येणारा तुकडा), सिंथ, ड्रमचे रोल, स्टुडिओतले प्रतिध्वनी सगळं बाजूला ठेवा आणि टाळीच्या साथीने गाऊन पाहा. एवढ्यावर गाणं ओळखू आलं तर काम निम्मं सोपं झालं. ओळखू आलं नाही तर त्याची ओळख चालीत नसून रिफमध्ये किंवा आवाजाच्या पोतात आहे. असं गाणं अगदी बाद नाही, पण त्याला वेगळा रस्ता लागतो. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट आणि ब्लूग्रास गायिका ॲलिसन क्राउस यांनी २००८च्या दौऱ्यात प्लांटचं जुनं, रिफवरच उभं असलेलं रॉक गाणं बँजोच्या साथीने वाजवलं, ते लय पुष्कळ उतरवून. वेगात त्या रिफचा नुसता चिवडा झाला असता.

ब्रूस हॉर्न्सबीचं उदाहरण याहून कामाचं आहे. पियानोवरचा हा माणूस. त्याचं १९८६च्या अल्बममधलं "मँडोलिन रेन" त्याने २००७ मध्ये ब्लूग्रासवाल्या रिकी स्कॅग्जबरोबरच्या अल्बममध्ये पुन्हा केलं, आणि तेही मायनरमध्ये नेऊन. नावातच मँडोलिन आहे तेव्हा मँडोलिन घातली की झालं, असा सोपा विचार करता आला असता. त्याने गाण्याचा भाव बदलला, मग वाद्यं त्या भावामागून आली.

तपासणी. गाणं कधीही न ऐकलेल्या माणसासमोर शब्दांशिवाय चाल गुणगुणा. दहा मिनिटांनी त्याला मुखडा परत गुणगुणता आला, तर पुढे जा.

## पायरी २: पट्टी

रॉक गिटारवाल्यांची लाडकी पट्टी ई, आणि अनेक बँड तारा अर्धा सूर उतरवून ई-फ्लॅटला वाजवतात. ब्लूग्रासची वाद्यं जी, ए, बी, सी, डी या पट्ट्यांत खुलतात. बँजो जी कॉर्डमध्येच जुळवलेला असतो. गिटारवाला जीचे आकार धरतो आणि कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर लावून ए, चौथ्यावर लावून बी काढतो. सीचे आकार आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो म्हणजे डी.

पण पट्टी वाद्यांवरून ठरवू नका. क्रम असा:

१. मुखड्यातला सगळ्यात उंच आणि लांबवलेला सूर शोधा. उडता सूर मोजू नका.

२. आजच्या गळ्याला तो सूर सलग चार वेळा कुठे लावता येतो ते पाहा. विशीतला गळा आठवून पट्टी ठरवणारे तिसऱ्या टेकला घोगरे होतात.

३. आता तुमच्या वरचा आवाज, म्हणजे टेनर गाणारा, त्या जागी कुठे जाईल ते त्याला गायला लावून बघा. बहुतेक जण इथेच चुकतात. स्वतःच्या गळ्याच्या टोकाला पट्टी लावतात, आणि वरच्या माणसाला जागाच उरत नाही.

४. मग वरच्या पाच पट्ट्यांपैकी जवळची निवडा.

तुमचाच आवाज सगळ्यांत उंच असेल तर दुसरी मांडणी आहे: चाल सर्वांत वर, दोन्ही साथीचे आवाज तिच्या खाली. ऑसबोर्न ब्रदर्स या ब्लूग्रास बँडने १९५०च्या दशकाच्या अखेरीला ही पद्धत रूढ केली, आणि तार सप्तकात गाणाऱ्या रॉक गायकांना ती चपखल बसते.

सावध. बँजोला कॅपो लावला की फक्त चार तारा चढतात. पाचवी तार मानेच्या मध्येच सुरू होते, ती वेगळी चढवावी लागते. दुसऱ्या पडद्यावर कॅपो असेल तर पाचवी सातव्या पडद्यापाशी अडकवायची, चौथ्यावर असेल तर नवव्यापाशी. त्यासाठी बारीक खिळे किंवा सरकता कॅपो असतो. बँजो नवा असेल तर त्यावर ही सोय आहे का, हे तालमीच्या आदल्या दिवशीच विचारा.

## पायरी ३: लय, आणि दुगुनीचा प्रश्न

"ब्लूग्रास म्हणजे फास्ट" हा समज सगळ्यात जास्त गाणी बिघडवतो. शब्दांची लय आणि वाद्यांची लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाण्याच्या मैफिलीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: ठेका दुगुनीत गेला तरी गायक आपल्या ठाय लयीत गात राहतो. इथेही तसंच करता येतं.

हिशोब करून बघा. ब्लूग्रासमध्ये बासचा एक ठोका आणि पुढचा ठोका यांच्या बरोबर मध्ये मँडोलिनचा "चॉप", म्हणजे लगेच तोडलेला कॉर्डचा फटका, पडतो, आणि तेवढ्या वेळात बँजो चार सूर वाजवतो. तुमचं गाणं मिनिटाला ८० मात्रांचं आहे असं धरू. बास प्रत्येक मात्रेला वाजवला तर बँजोचे मिनिटाला ३२० सूर होतात, सेकंदाला पाचाहून थोडे जास्त. आरामशीर, चालत्या बैलगाडीसारखं. मूळ गाणं १२० मात्रांचं असेल आणि तुम्ही हीच दुगुन केली, तर ४८० सूर, म्हणजे सेकंदाला आठ. हे मुरलेल्या वादकांचं काम आहे. तिथे दुगुन सोडा, बास एकाआड एक मात्रेला ठेवा.

मग अक्षरं मोजा. अंतऱ्यातली सगळ्यात गच्च ओळ निवडलेल्या लयीत स्पष्ट म्हणता येते का? श्वास कुठे घेणार? येत नसेल तर लय उतरवा. शब्द गाळू नका.

तिसरा पर्याय बहुतेक जण विसरतातच: तीन मात्रांचा वॉल्ट्झ. आपल्या दादऱ्याच्या झोक्याच्या जवळ जाणारा. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोने "ब्लू मून ऑफ केंटकी" १९४६ मध्ये वॉल्ट्झ म्हणून ध्वनिमुद्रित केलं. १९५४ मध्ये एल्विसने मेम्फिसच्या सन स्टुडिओत ते चार मात्रांत उडवलं. त्याच वर्षी मन्रोने स्वतः ते पुन्हा केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झने, मग धावत्या चार मात्रांत. आपण करणार त्याच्या उलट दिशेचा प्रवास, पण एकाच गाण्यात दोन ताल कसे जोडायचे ते ऐकण्यासारखं आहे. तुमचं गाणं संथ असेल तर निदान एकदा वॉल्ट्झमध्ये गाऊन पाहा.

तपासणी. मेट्रोनोम निम्म्या वेगाला लावा आणि त्याची टिकटिक बासवर न धरता चॉपच्या जागी धरून गाणं पूर्ण वाजवा. रॉकवाला सवयीने मागे रेलतो आणि तिसऱ्या ओळीला टिकटिक हातातून सुटते. ब्लूग्रासमध्ये कल किंचित पुढे असतो. पुढे कललेलं असणं आणि लय वाढत जाणं यात फरक आहे, आणि तो या एका अभ्यासाशिवाय समजत नाही.

## पायरी ४: कॉर्ड स्वच्छ करा

डिस्टॉर्शनवर वाजणाऱ्या पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतो. फक्त षड्ज आणि पंचम. म्हणून तुमचं गाणं मेजर आहे की मायनर, हे तुम्ही कदाचित आजवर ठरवलेलंच नसेल! ॲकूस्टिक वाद्यांवर ती मोकळी जागा भणभणीत वाटते, तेव्हा प्रत्येक कॉर्डचा गंधार ठरवावा लागतो. चालीकडे बघा. चालीत शुद्ध गंधार ठाम उभा असेल तर मेजर. कोमल गंधार नुसता घासून जात असेल तर कॉर्ड मेजर ठेवा आणि गळ्याने वर कोमल लावा. हा घासा या संगीतात घरचाच आहे. कोमल गंधारावर चाल विसावत असेल तर मायनर.

रॉकमधली कोमल निषादावरची कॉर्ड, म्हणजे जी पट्टीत एफ, बिनधास्त ठेवा. ब्लूग्रासमध्ये ती जुनी पाहुणी आहे. नाइन्थ, सस्पेंडेड वगैरे सजावट काढून टाका. एखादी फारच जीव की प्राण असेल तर गाण्यात एकदाच वापरा.

आणि कॉर्ड आकड्यांत लिहा: १, ४, ५. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत हीच रीत आहे. आकडे नसले की काय होतं सांगतो. गिटारवाला कॅपो लावून जीचा आकार धरतो आणि ओरडतो, "जी!" बिनकॅपोची मँडोलिन इमानदारीत जी वाजवते, आणि गिटारमधून येत असतो ए. मग अर्धा तास सगळे एकमेकांच्या तारा जुळवत बसतात.

## पायरी ५: ड्रमचं काम वाटून द्या

इथे घाई करू नका. माझ्या मते गाणं ब्लूग्रास होतं की नाही ते इथेच ठरतं.

रॉकमध्ये वेळ सांभाळणारा एक माणूस असतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर मोकळे असतात. ब्लूग्रासमध्ये तोच ड्रमसेट सुटा करून चौघांत वाटलेला आहे. बास म्हणजे किक. मँडोलिनचा चॉप म्हणजे स्नेअर. गिटारचा खालच्या तारेवरचा एक सूर आणि मग झटका, हे बासला आणि चॉपला जोडणारं शिवण. बँजोचे सलग सूर म्हणजे हाय-हॅट. खंजिरी आत आली की यातल्या दोघांचं काम हिरावलं जातं, ते सैल होतात, आणि पंधरा मिनिटांत मांडणी फोक-रॉक होऊन बसते.

बास. कॉर्डचा षड्ज आणि पंचम, आलटून-पालटून. बास गिटारवाल्याला उभा बास दिला तर तो रिकामी जागा भरत सुटतो. पहिल्या तालमीत त्याला फक्त हे दोन सूर द्या.

मँडोलिन. चॉपसाठी कॉर्ड बंद आकारात धरायची, एकही तार मोकळी नको. फटका मारल्याबरोबर डाव्या हाताचा दाब सोडायचा, बोटं तारेवर तशीच. आवाज "चक" असा आला पाहिजे, "झण्ण" असा नाही.

गिटार. म्हणजे बहुधा तुम्ही. सोळा-सोळा फटक्यांचं झोडपणं बंद. एक सूर, एक झटका, आणि ओळीच्या शेवटी चढत षड्जावर येणारा छोटा तुकडा, जो मन्रोच्या बँडमधल्या गिटारवाल्या लेस्टर फ्लॅटमुळे ओळखीचा झाला. तोही प्रत्येक ओळीला नको. आयुष्यभर सोलो घेतलेल्या माणसाला हे जड जातं. मला सहा महिने लागले.

बँजो. गाणारा गात असताना बँजो एकतर खालच्या पडद्यांवर दबलेला रोल (बोटांनी आलटून-पालटून छेडलेले सलग सूर) वाजवतो किंवा मानेच्या वरच्या भागात चॉपसारखी साथ देतो. तीन बोटांचा मोकळा, लखलखीत रोल गायकाच्या ओळीवर चढला की शब्द गेलेच.

फिडल आणि डोब्रो. लांब गज, लांब सूर. इलेक्ट्रिक गिटारचा टिकून राहणारा सूर तुम्हाला हवाहवासा वाटत असेल, तर तो इथे शोधा.

आता भरण्याचं वेळापत्रक. एका वेळी गायकाच्या मागे एकच वाद्य जागा भरेल, बाकीचे आपला ठेका धरतील. पहिला अंतरा फिडल, दुसरा मँडोलिन, तिसरा डोब्रो, असं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. "ऐकत-ऐकत जमेल" हे मुरलेल्या बँडचं बोलणं आहे.

सावध. मँडोलिन सोलोला गेली की तुमचा स्नेअर गेला! नवख्या बँडमध्ये नेमक्या तिथे गाणं पाणचट होतं आणि कुणालाच कळत नाही का. त्या वेळी बँजोने किंवा फिडलने चॉप उचलायचा, आणि कुणी ते आधीच ठरवायचं. गिटारच्या सोलोला याहून बिकट: शिवण उसवते आणि वाद्यही सगळ्यांत हळू आवाजाचं. तेवढ्यापुरते बाकी चौघे निम्म्या आवाजावर.

तपासणी. फक्त बास आणि मँडोलिन यांना पूर्ण गाणं वाजवू द्या. तुम्ही गिटार खाली ठेवून गा. एवढ्यावर पाय हलला पाहिजे. हलला नाही तर बाकीची वाद्यं घालून काही होणार नाही; तिसऱ्या पायरीवर परत जा.

## पायरी ६: उठाव, मधले पीस, शेवट

उठाव म्हणजे गाणं सुरू करणारा छोटा तुकडा. मुखड्याच्या शेवटच्या चार किंवा आठ मापांची (बारची) चाल एका वाद्याने सरळ वाजवायची. त्यातच पट्टी आणि लय सगळ्यांना कळते. तुमच्या गाण्याला गाजलेला रिफ असेल तर तो इथे वापरण्याचा मोह होईल. वापरा, पण फिडल आणि मँडोलिनला एका सुरात द्या. बँजोचा सूर लगेच विझतो, रिफमधले लांब सूर त्याच्यावर ठिगळासारखे दिसतात.

मधले पीस अंतऱ्याच्या किंवा मुखड्याच्या कॉर्डवर, तेवढ्याच लांबीचे, आणि चाल ओळखू येईल असे. मूळ गाण्यात सोलोसाठी वेगळी बत्तीस मापांची कॉर्डमाळ असेल तर ती कापा. रडायचं तर घरी रडा, पण कापा. ताणून वाकवलेले सूर .०१३ च्या तारेवर येणार नाहीत, तिथे घसरता सूर घ्या किंवा तो तुकडा डोब्रोला द्या.

रेकॉर्डवर गाणं विरत-विरत संपत असेल तर नवा शेवट लागेल. शेवटची ओळ दोनदा किंवा तीनदा म्हणून, तिहाईसारखं समेवर येऊन, सगळ्यांनी एकदम थांबायचं.

## पायरी ७: तीन आवाज

अंतरा एकट्याने. मुखड्याला तीन आवाज: लीड म्हणजे चाल, टेनर म्हणजे चालीच्या वर कॉर्डमधला पुढचा सूर, बॅरिटोन म्हणजे उरलेला सूर, बहुधा चालीच्या खाली. रॉकमधलं "ऊऊ-आऽऽ" काढून टाका, तिघेही तेच शब्द म्हणतात.

बॅरिटोन सगळ्यांत अवघड. एकटा ऐकला तर ती चाल वाटतच नाही, नुसते विचित्र उड्या मारणारे सूर. म्हणून कानाचा पक्का माणूस तिथे द्या. "ज्याला नीट गाता येत नाही तो खालचा आवाज करेल" ही वाटणी हमखास फसते.

सराव वाद्यांशिवाय करा. शब्द एकदम सुरू झाले पाहिजेत, शेवटची व्यंजनं एकदम तुटली पाहिजेत, श्वास एकाच जागी. कंप काढून टाका. तीन कंपणाऱ्या आवाजांत कॉर्ड कधीच स्थिर बसत नाही.

## पायरी ८: तालीम आणि ध्वनिमुद्रण

तालमीचा क्रम: बास-मँडोलिन, मग गिटार, मग तीन आवाज, मग फिडल-डोब्रो, आणि बँजो शेवटी. बँजो पहिल्या दिवसापासून बसवला तर तो इतका चकाकतो की खालचा पाया पोकळ असल्याचं कुणाला ऐकूच येत नाही.

जमेल तर माणसं अशी घ्या ज्यांची ही मातृभाषा आहे. कंट्री गायक स्टर्जिल सिम्पसनने २०२० मध्ये आपली जुनी गाणी "कटिन ग्रास" नावाने ब्लूग्रासमध्ये केली, तेव्हा मँडोलिनला सिएरा हल आणि फिडलला स्टुअर्ट डंकन होते. अशा लोकांना सूर-सूर लिहून द्यायचे नसतात. चाल, आकडे आणि वेळापत्रक द्या आणि बाजूला व्हा.

ध्वनिमुद्रण एका खोलीत, एकत्र, क्लिकशिवाय (कानात मेट्रोनोम नको). एकाच कंडेन्सर माइकभोवती सगळे उभे राहून करायची पद्धतही आहे. डेल मॅकरी यांच्या ब्लूग्रास बँडने मंचावरही तसंच वाजवलं आहे. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे अर्धं पाऊल मागे. बँजोचा आवाज सगळ्यांत मोठा म्हणून तो एक हात लांब, बास मागे, गिटारच्या सोलोला गिटार उचलून माइकपाशी न्यायची. ये-जा कशी करायची याचीही तालीम लागते, नाहीतर गिटारची मान फिडलच्या गजात अडकते. पंखा आणि एसी बंद.

रॉकवाल्याची शेवटची खोड म्हणजे "हे नंतर दुरुस्त करू." एका माइकवर सगळ्यांचा आवाज सगळ्यांत मिसळलेला असतो, एकाचा सूर चुकला तर पूर्ण टेक पुन्हा. म्हणून दिवसाला एकच गाणं धरा. चार-पाच टेक घ्या आणि त्या दिवशी निवड करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द पहिल्या फटक्यात कळले तो टेक ठेवा. एकाही टेकमध्ये कळत नसतील तर भिंतीवरचा कागद काढा, त्या अंतऱ्यात जो भरत होता त्याचं नाव खोडा, आणि तेवढ्या जागी कुणालाच घालू नका.